दुसरी ओळ

वीस वर्षं ती दवाखान्यातल्या एकाच बिनखिडकीच्या खोलीत मॅमोग्राफीच्या यंत्रावर बायकांच्या छातीचे फोटो काढत आली. यंत्राची पट्टी बारा महिने गार, म्हणून ती आधी स्वतःचे तळवे ठेवून पट्टी कोमट करायची आणि म्हणायची, "श्वास रोखा. घडीभराचं दुखणं आहे, बाळंतपण नाही." घाबरून आलेली बाई हसायची. सगळ्या तिला फोटोवाली म्हणत.

रिपोर्ट डॉक्टर लिहीत, तो सांगायचं काम मात्र फोटोवालीच्या गळ्यात पडलेलं. रिपोर्टात मोजून दोन ओळी. गाठ दिसली की नाही, ते पहिलीत. छाती किती दाट, ते दुसरीत. फोटोत चरबी काळपट दिसते, दाट भाग पांढरा, आणि गाठही पांढरीच. म्हणजे दाट छातीत गाठ दडून बसते, शिवाय मुळात कर्करोगाचा धोकाही जास्त. हे सगळं तिला तोंडपाठ होतं. तरी समोरची बाई थरथरत असली की ती पहिली ओळ सांगून मोकळी व्हायची. दुसरी पाकिटात आहेच, हवी तर वाचेल. याला ती माया समजत होती. कुणी कान उपटले नाहीत, म्हणून सवय मुरली.

मग ताई आली. ताई म्हणजे थोरली बहीण, शिवणकाम करणारी, दुसऱ्यांची मापं घेण्यात जन्म गेलेली. वय चौपन्न. तिचा फोटो पांढराफेक निघाला. डॉक्टरांनी लिहिलं: गाठ दिसत नाही. खाली लिहिलं: अतिशय दाट, चौथी श्रेणी, सोनोग्राफी करून घ्यावी.

फोटोवालीने फोन केला. "ताई, काही नाही निघालं. जा, शिवत बस."

ताई शिवत बसली. धाकटीच्या शब्दापुढे तिला कागदाची गरज नव्हती. पाकीट न फोडताच तिने मशीनच्या खणात टाकलं. सव्वा वर्षाने तिचाच ब्लाउज एका बाजूने तंग व्हायला लागला. पुढची दोन वर्षं कशी गेली ते सांगवत नाही. ताई गेली. शेवटपर्यंत म्हणत होती, "तू होतीस म्हणून निदान वेळेवर तपासलं तरी."

त्यानंतर फोटोवाली प्रत्येक बाईला दुसरी ओळ मोठ्याने वाचायला लावू लागली. बायका कुरकुरल्या, डॉक्टर वैतागले. तिने ऐकलं नाही.

आईचा आजार पाहून ताईची मुलगी, छत्तीस वर्षांची भाचीही तपासणी करून गेली. रिपोर्ट न्यायला आली ती पर्समधून एक जुनं बंद पाकीट घेऊनच. "आईच्या मशीनच्या खणात सापडलं. तुझ्याच दवाखान्याचं आहे ना, मावशी?"

फोटोवालीला खोटं सांगता आलं असतं. तिने पाकीट फोडलं आणि भाचीचा रिपोर्ट त्याच्या शेजारी ठेवला. दोन्हींत दुसरी ओळ तीच होती, शब्दन् शब्द.

भाचीने दोनदा वाचलं. "आईला हे सांगितलं होतंस?"

"नाही."

"माहीत होतं तुला?"

"होतं. तिला घोर लागू नये म्हणून..."

भाचीने दोन्ही कागदांच्या नीट घड्या घातल्या. मग विचारलं, "सोनोग्राफी कधी करायची?"

"सोमवारी ये. मी आहे."

भाचीने मान हलवली. सोमवारी फोटोवाली सकाळपासून दाराकडे डोळे लावून होती. भाची आली, पण मंगळवारी. मंगळवारी मावशीची सुट्टी असते, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.