दोघींचा एकच क्यूआर कोड

अक्षर वेडंवाकडं आहे, शुद्धलेखनाच्याही चुका असतील. चौथीपर्यंतच शिकले, माफ करावं. पण तो तपास अजून मनातून जात नाही, म्हणून वहीत लिहिते. नावं कुणाची घालत नाही.

ओतूरच्या आठवडे बाजारात मी मसाला विकते. शेजारी जुन्नरच्या बांगडीवाल्या भाभी बसतात. त्यांचं बँक खातं बंद पडलं, तेव्हापासून त्यांची गिऱ्हाइकंही माझ्याच क्यूआर कोडवर पैसे टाकायची. बाजार उठताना मी आठवेल तसे त्यांना रोख द्यायचे.

कांडप मशीनच्या कर्जासाठी रिटर्न भरायचं होतं. मंचरच्या कर सल्लागारानं बँकेचा वर्षाचा उतारा पाहिला. "ताई, ही सगळी कमाई तुमची?" भाभींच्या पैशांवरही कर मलाच बसणार होता.

आमचे मालक पोलिसात जमादार होते, आता निवृत्त. त्यांनी माझा जबाब घेतला.

"खर्चाच्या पावत्या?"

"मिरचीच्या हायेत, डब्यात."

"जमेतलं मसाल्याचं कुठलं, बांगड्यांचं कुठलं?"

"आठवत न्हाई, अवं."

"आरोपी बी हेच म्हणतो."

बाजारच्या दिवशी मान खाली घालून भाभींना सांगितलं.

"घाबरती कशाला? माझ्याकडं हात हायेत," त्या म्हणाल्या.

बांगड्या भरल्या की त्या गिऱ्हाइकाच्या हाताचा फोटो काढतात, फोनच्या स्टेटसला लावायला. प्रत्येक फोटोवर तारीख, वेळ. आमच्या घरी बसून एकेक फोटो माझ्या फोनमधल्या नोंदीशी लावला. हिरवा चुडा, पाचशे वीस. मेंदीचा हात, तीनशे. भाभींचं निळ्या पेनानं, माझं लाल. खर्च वेगळ्या पानावर. माझी खरी कमाई निघाली, जीव भांड्यात पडला.

मालकांनी मात्र निळ्याची बेरीज मारली. माझ्याकडून मिळालेली रोकड भाभींनी बांगड्यांच्या खोक्यावर दर बाजारी लिहिली होती. मालकांनी दोन्ही आकडे शेजारी मांडले. अकरा हजार सहाशे चाळीस कमी. मालकांनी वही माझ्यापुढं सरकवली.

"माझ्याकडंच राहिलेत," मी म्हणाले.

"कमी येतंय ते कळत व्हतं गं," भाभी म्हणाल्या. "पण बोलले असते, तर कोड कुठनं आणला असता?"

चोरी मी केली नव्हती. पण वर्षभरात एकदाही मी चुकून त्यांना जास्त दिले नव्हते. आठवण माप टाकते ते आपल्याच पदरात, एवढं मला कळलं. आता जागेवरच लिहिते.

पाच बाजारांत पैसे फेडले. शेवटच्या बाजारी भाभींनी नोटा माझ्यासमोर दोनदा मोजल्या. आधी माझ्यासमोर कधी मोजत नसत. "पुरे हायेत," म्हणाल्या, आणि नोटा कमरेला खोवल्या.