बिनगोष्टीची खिडकी

भोरला माझा फोटो स्टुडिओ आहे. पूर्वी लग्नं करायचो, म्हणजे लग्नाचे फोटो. आता पासपोर्ट साइझ आणि झेरॉक्स. हाताहातात मोबाईल आले आणि फोटोवाला कुणाला लागेना, तेव्हा हात शिवशिवायला लागले म्हणून मी रविवारी मोटारसायकल काढून खिडक्यांचे फोटो काढत हिंडायला लागलो. खिडक्याच का, असं लोक विचारतात. अहो, खिडकीला 'जरा हसा' म्हणावं लागत नाही. एवढं कारण पुरे की!

मागच्या सीटवर बायको. घरी बसून काय करू, म्हणून आपली यायची. घात तिथंच झाला.

मी पालीत, मार्गासनीत, कुठं कुठं गल्लीबोळ पालथे घालून एखादी खिडकी हेरायचो. उजेड बघायचा, लेन्स बदलायची, उकिरड्यावर उभं राहून कोन साधायचा, असा माझा जीव चाललेला असायचा. तोवर ही त्या घराच्या चुलीपाशी जाऊन बसलेली! परत निघालो की गाडीवर मागून माझ्या कानात सुरू. "अहो, त्या निळ्या खिडकीचा एक गज का नाही माहितीये? त्यांचा मुलगा तिथनं पळून कबड्डीला जायचा. आता पुण्याला कंपनीत असतो, पण आई गज बसवू देत नाही. म्हणते, रात्री-अपरात्री आला तर दार वाजवत बसायला नको." आणि ती अर्धी हिरवी, अर्धी तपकिरी खिडकी? मला वाटलं होतं रंग संपला असेल. ही म्हणाली, "भाऊ वेगळे झाले. मधली भिंत नेमकी खिडकीच्या मध्यावर आली. एकानं दिवाळीला आपली अर्धी रंगवली, दुसरा म्हणाला मला नाही परवडत."

सरळ सांगतो, जळायचो मी. खिडकी हुडकायची मी, पेट्रोल जाळायचं मी, कुत्री माझ्या अंगावर यायची आणि गोष्ट मिळायची हिला. माझ्याशी ती माणसं काय बोलायची? "पेपरात येनार का?" एवढंच. 'येरे माझ्या मागल्या' म्हणत पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

मग एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही त्या फोटोंचं प्रदर्शन लावलं. एक सोडून प्रत्येक फोटोखाली हिच्या अक्षरातलं एक कार्ड. त्या दिवशी माझं काय झालं ते माझं मला ठाऊक. लोक वाकून कार्ड वाचायचे, हसायचे, डोळे टिपायचे आणि पुढच्या कार्डाकडं सरकायचे. फोटो बिचारे वर टांगलेले. एका बाईंनी तर कार्डापुरता चष्मा लावला आणि फोटो आला की काढला!

पुण्याहून पुस्तकं काढणारे एक गृहस्थ आले होते. हिला म्हणाले, "ताई, पुस्तक करू या. तुमचं नाव ठसठशीत घालू." मग माझ्याकडं वळून, "फोटो तुमचे का? वा वा." मुखपृष्ठाला त्यांनी नेमका तो फोटो निवडला ज्याखाली कार्ड नव्हतं. वेल्ह्याच्या वर, डोंगरातल्या धनगरवाड्यातली खिडकी. जमिनीपासून जेमतेम गुडघाभर उंच, आणि आतून चुलीचा तांबूस उजेड बाहेर आलेला. आयुष्यात मी याहून चांगला फोटो काढलेला नाही.

"याची गोष्ट कुठाय?" ते म्हणाले.

हिनं खाली बघितलं. "सांगितलीये मला. पण ती लिहायची नाही."

"मग अवघड आहे. पहिल्याच पानाला गोष्ट नको? दुसरा फोटो घेऊ."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मी आणतो गोष्ट," म्हणालो. हॉलमधली चार डोकी वळली. घरी गेल्यावर हिच्या मागं लागलो तर म्हणते, "नाही म्हटलं ना एकदा. जा की, तुमचं तुम्ही विचारा."

ठीक आहे. पुढच्या आठवड्यात ही बाजाराला गेलेली बघून मी एकटाच त्या धनगरवाड्याकडं निघालो. निमित्त होतं. मागच्या खेपेला त्या घरची गाय व्यालेली होती आणि तिथल्या म्हातारीनं आम्हाला खरवसाचा डबा दिला होता. तो फडताळातून घेतला, पिशवीत टाकला आणि गाडीला किक मारली. मोटारसायकल खाली लावून वर चढेस्तोवर तोंडाला फेस आला.

म्हातारी त्या खिडकीशीच बसली होती, पाय लांब करून. तिनं माझ्या मागं वाकून बघितलं. "ताई न्हाई आल्या?"

"नाही मावशी. तिला काम होतं. हा तुमचा डबा."

तिनं झाकण काढलं. आत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "रिकामा?"

माझं तोंड पडलं. आलेलं भांडं रिकामं परत करायचं नसतं, चार दाणे साखर तरी टाकायची, हे आपल्याकडं शेंबड्या पोराला कळतं. पण आमच्या घरातून भांडी परत करायचं काम कायम हिचं. मी जन्मात कुणाचं भांडं परत केलेलं नव्हतं. खिसे चाचपले. लेन्स पुसायचं फडकं निघालं.

"ऱ्हाऊ द्या," म्हातारी म्हणाली. "एकांदी गोष्ट सांगा, म्हंजी भरला. ताई तसंच करत्यात. म्या एक सांगितली का त्या एक सांगत्यात. त्या कुटं फुकट घेत्यात?"

हे मला नवीन होतं. म्हणजे ही सगळीकडं काहीतरी देऊन यायची? काय देत होती? मी खाली बसलो.

बरं, सांगायला माझ्याकडं गोष्ट एकच. स्टुडिओत नवं जोडपं आलं की मी ती सांगतोच. वरव्याला, हिच्या माहेरी, मी मुलगी बघायला गेलो होतो. ही चहाचा ट्रे घेऊन आली, मला बघितलं आणि अशी घाबरली, अशी घाबरली की हात थरथरून सगळ्या बशा चहानं भरल्या. सासरे ओशाळले. मी मात्र ताठ बसून होतो. आपला दराराच तसा होता, मावशी.

म्हातारी माझ्याकडं बघतच राहिली. मग पदर तोंडाला लावला, आणि हसता हसता तिला ठसका लागला. "अगं बया बया! घाबरली व्हय? आवं दादा, हायवेला यष्टीतनं उतरून तुमी चालत आलता. त्यांच्या दाराम्होरं तुमच्या चपलीचा अंगठा तुटला. खरं का न्हाई?"

हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

"तुमी हिकडं-तिकडं बगितलं, कुंपनाचा बाभळीचा काटा मोडला आन् चपलीत खुपसला. मंग फनी काढून भांग पाडला. आन् मंग दावनीच्या म्हशीम्होरं उभं ऱ्हाऊन, हात जोडून, 'नमस्कार, नमस्कार' असं म्हनून बगितलं! ताई खिडकीत हुत्या की. समदं बगितलं त्यांनी. हसू दाबता दाबता ट्रे हिंदकळला. आईनं इचारलं, पसंत हाय का, तं तोंडातनं सबुद फुटंना, नुसती मान हलवली. मला म्हनल्या, मावशी, म्हशीला नमस्कार घालनारा मानूस वाईट न्हाई निघायचा."

कान तापले माझे. त्या घराला रस्त्याकडं खिडकी होती हेच मला आठवेना. सगळ्या तालुक्याच्या खिडक्या टिपल्या मी, आणि त्या दिवशी मान वर करून बघितलं नव्हतं. आणि हेवा तर असा वाटला की काय सांगू! चप्पल माझी, काटा माझा, बायको माझी, आणि गोष्ट कुणाकडं? तर वेल्ह्याच्या डोंगरावरच्या म्हातारीकडं! मला सोडून जगाला सांगितलेली.

"आणि ह्या खिडकीचं काय?" मी कसंबसं विचारलं.

"ही व्हय? माजा गुडगा गेला तवा मालकांनी भित फोडून खाली घेतली. म्हनले, बसल्या जागी तुला गुरं येताना दिसतील." तिनं लांब केलेला पाय चोळला. "गुरांचं निमित्त. त्येंच्या मागनं मालक यायचे ना. ही सांगितली तवाच ताईंनी ती म्हशीची दिली. मला म्हनल्या, ही दोन गोष्टींची जोडी हाय, फोडायची न्हाई."

परत येताना कापूरहोळला चहा घेतला, पण जाईना. अर्धा टाकून उठलो.

पुस्तकाचं सांगून टाकतो. मी गोष्ट दिली नाही. मुखपृष्ठावर ती अर्धी हिरवी, अर्धी तपकिरी खिडकी आली आणि वर हिचं नाव, ठसठशीत. अजून कपाटात दिसलं की पोटात दुखतं. आता हीच म्हणाली, लिहा खुशाल, म्हणून लिहितोय.

त्या दिवशी संध्याकाळी मी घरी टेकतो न टेकतो तोच ही चहा घेऊन आली. फडताळातला डबा गेलेला तिनं बघितला होता. "रिकामाच दिलात ना? अब्रू घालवली असेल माझी."

"भरून दिला."

"काय घातलंत?"

मी उठलो. तिच्यासमोर उभा राहिलो, हात जोडले आणि म्हणालो, "नमस्कार, नमस्कार."

ती थिजली. मग कप हिंदकळला आणि बशी चहानं भरली. या खेपेला मी तिच्या हाताकडं नाही, तोंडाकडं बघत होतो.