मानद अभ्यागत सहयोगी मार्गदर्शक

भूशास्त्र विभागात तिला सगळे तासिकाबाई म्हणत, कारण तिची नेमणूक तासांवर होती. वर्गात असेपर्यंत ती शिक्षिका, घंटा वाजली की कोणीच नाही. अशी ती सतरा वर्षं कोणीच नव्हती. बाकी विभागात पदांना तोटा नव्हता. ज्येष्ठ प्राध्यापक होऊ घातलेले विभागप्रमुख, एक प्राध्यापक, दोन सहयोगी आणि तीन साहाय्यक. साहाय्यकांनी कोणाला साहाय्य केल्याचं ऐकिवात नव्हतं. जो तो वरच्या पदाचा अर्ज भरण्यात बुडालेला, त्यामुळे वर्गावर जायचं काम घरंगळत तिच्यापाशी आलं होतं.

घरी सासूबाईंची पंचाईत व्हायची. "तू नक्की कोण गं तिथे?" असं त्या विचारत. समाधानकारक उत्तर मिळेना, तेव्हा शेजारणींना सांगताना त्यांनी तिला परस्पर प्रोफेसर करून टाकलं. विद्यापीठापेक्षा त्यांचा कारभार जलद होता.

मग तपासणी समिती आली. समितीच्या अध्यक्ष होत्या पिकल्या केसांच्या एक निवृत्त बाई. त्यांनी टेबलावरच्या फायली बाजूला सारल्या आणि एखादा वर्ग बघायचाय म्हणाल्या. प्राध्यापकांचा घसा तिथल्या तिथे बसला. एका सहयोगींची बैठक निघाली, दुसऱ्यांची दाढ दुखू लागली. विभागप्रमुखांनी मोठ्या मनाने संधी तासिकाबाईला दिली.

तिने प्रत्येक बाकावर दोन पांढरे दगड ठेवले, गारगोटी आणि कॅल्साइट, आणि कोणता कुठला ते ओळखा म्हणाली. मुलं काचेवर ओरखडे काढू लागली, आम्लाचा थेंब टाकून फेस येतो का पाहू लागली. थोड्या वेळाने अध्यक्षबाईही बाही सरसावून दगड घासत बसल्या. तास संपल्यावर त्यांनी तिचं पद विचारलं. पदच नाही, असं ती म्हणाली. विभागप्रमुखांनी घाईघाईने सांगितलं की आम्ही इथे पदापेक्षा माणूस बघतो.

अहवालात त्या तासाची तोंडभर स्तुती होती आणि श्रेय विभागाच्या नेतृत्वाला होतं. नेतृत्व महिन्याभरात ज्येष्ठ प्राध्यापक झालं. तासिकाबाईला एक पत्र मिळालं: यापुढे तिला 'मानद अभ्यागत सहयोगी मार्गदर्शक' म्हणावं. कामाच्या अटी पूर्वीच्याच.

तिने ते पत्र दोनदा वाचलं. राग आला, पण त्याहून जास्त हसू आलं. ती सरळ विभागप्रमुखांच्या खोलीत गेली.

"सर, अभ्यागत म्हणजे पाहुणा ना?"

"हो, मानाचा शब्द आहे."

"मग पाहुण्याने कधी यायचं ते पाहुणाच ठरवतो," ती म्हणाली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून वर्ग ज्येष्ठ प्राध्यापकांच्या गळ्यात पडला. त्यांनी वीस वर्षांपूर्वीची पिवळी टिपणं वाचून दाखवली. एका मुलीने हातातला दगड पुढे करून हा कोणता म्हणून विचारलं, तेव्हा ते म्हणाले की परीक्षेत दगड येत नाहीत. तिसऱ्या दिवशी एका सहयोगींना पाठवलं. त्यांनी गारगोटीला कॅल्साइट म्हटलं. मुलांनी आम्ल ओतून खात्री केली, फेस आला नाही, हशा मात्र आला. बाराव्या दिवशी अख्खा वर्ग सह्यांचा कागद घेऊन कुलगुरूंच्या दारात उभा होता.

विभागप्रमुख तिच्या घरी आले. पाण्याचा पेला हातात धरून ते विभागाच्या परंपरेबद्दल, आपुलकीबद्दल बरंच बोलले. तिने ऐकून घेतलं आणि नेमणुकीचा हुकूम आणल्याशिवाय पुन्हा येऊ नका, असं नम्रपणे सांगितलं.

हुकूम आला. सतरा वर्षं ज्याला नियम आडवे येत होते ते सहा दिवसांत झालं. साहाय्यक प्राध्यापक, तीन वर्षांचा करार. विभागातले साहाय्यक नाराज झाले. पदाची किंमत उतरली, असं त्यांचं म्हणणं पडलं. तिने सही केली, हजेरीपट घेतला आणि वर्गावर गेली. त्या दिवशी बाकांवर जांभा दगड होता.