म्हशीच्या दाव्याची निरगाठ

मी पाचोऱ्याची. लग्न होऊन चोपड्याच्या अंगाला तापीकाठच्या एका लहानशा गावात आले, तेव्हा पूर म्हणजे स्टेशनामागच्या नाल्याला येणारं गुडघाभर पाणी, एवढंच मला ठाऊक होतं. साठ-बासष्टच्या आगेमागची ही गोष्ट. त्यामुळे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उरकल्यावर सासूबाईंनी जी धावपळ सुरू केली, तिचं मला हसूच आलं.

दादरीची, म्हणजे रब्बी ज्वारीची, पोती माळ्यावर चढली. गोवऱ्या माळ्यावर. मीठ, काड्यापेट्या आणि जमिनीचे कागद तेलाच्या रिकाम्या डब्यात घालून डब्याचं झाकण मेणानं बंद केलं, तोही माळ्यावर. फुटाणे आणि गुळाचं एक गाठोडं दाराशी टांगलं, त्याला एरवी हात लावायचा नाही. एवढ्या तयारीत माझ्या माहेरी एखादं लग्न उरकलं असतं. मी तसं म्हणालेही. सासूबाईंनी ऐकलं आणि मला आणखी दोन पोती उचलायला लावली.

गावाचे नियम वेगळेच. महादेवाच्या देवळाची घंटा सलग वाजू लागली की तव्यावरची भाकरी तव्यावर ठेवून निघायचं आणि माळावरच्या शाळेत जमायचं. धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, चढायचं नाही, कारण आमची घरं मातीच्या धाब्यांची. खालून भिंत भिजली की वरचं सगळं माणसासकट खाली येतं. आणि मृगापासून दसऱ्यापर्यंत गावात कुठल्याही जनावराच्या दाव्याला निरगाठ मारायची नाही. सुरगाठच. घरधनी शेतात असला तरी रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही एका हिसक्यात जनावर मोकळं करता आलं पाहिजे. मोकळं सुटलेलं ढोर आपलं आपण माळ गाठतं, असं सासूबाई सांगायच्या.

ऐकायला हे सगळं छान. पण आमची म्हैस भारी चलाख होती. सुरगाठीचं लोंबतं टोक तोंडात धरून ओढायचं, हे तिला केव्हाच कळलेलं होतं. दोनदा सुटली आणि दोन्ही वेळा शेजारच्या अक्काच्या कपाशीत घुसली. अक्का तोंडाची तिखट. दुसऱ्या वेळी ती आमच्या अंगणात येऊन, पाचोऱ्याच्या पोरींना ढोर बांधायचंही शिकवत नाहीत का, असं म्हणाली. आता माझ्या माहेरावर कुणी घसरलं की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. मी तिच्यादेखत दावं खुंट्याला दोनदा गुंडाळलं, निरगाठ मारली, वर पाय देऊन ती आवळली आणि म्हणाले, "बघा अक्का, आता सुटते का." अक्का पदर झटकून निघून गेली. सासूबाई तेव्हा शेतात होत्या. संध्याकाळी त्या आल्यावर गाठ बदलावी, असं माझ्या मनातही आलं नाही, कारण मी जिंकले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन होतं. आमच्याकडे चार दिवस थेंब नव्हता. पाऊस पडला होता तो वर बऱ्हाणपूरकडे आणि त्याच्याही पलीकडे. नवरा केळीची गाडी घेऊन सावद्याला गेलेला. घरात आम्ही दोघीच. मी भाकऱ्या थापत होते आणि घंटा सुरू झाली.

सासूबाई उठल्या. "पानी उनं," पाणी आलं, एवढंच म्हणाल्या. त्यांनी उरलेलं पीठ माळ्यावर ठेवायला घेतलं आणि मला म्हैस सोडायला पाठवलं. नदी समोरून आलीच नव्हती. ती गावामागच्या नाल्यातून उलटी फिरून आमच्या गोठ्यात शिरली होती. घोट्याएवढं गढूळ पाणी, त्यावर काटक्या आणि फेस. मी गाठीला हात घातला. दावं भिजून फुगलं होतं आणि घाबरलेली म्हैस ते ओढून ओढून आणखी आवळत होती. माझी नखं तुटली. मी दात लावून पाहिले. पाणी पोटऱ्यांवर आलं.

त्या क्षणी मी हाक मारायला हवी होती. मारली नाही. लाज वाटली म्हणून मारली नाही, हे आज लिहितानाही माझे कान तापतात. पाणी मांड्यांपर्यंत आल्यावर सासूबाईच मला शोधत आल्या. त्यांनी गाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. वळचणीला खोचलेला विळा काढला.

"तू निंघ. शाळाकडे जाय."

"आत्या, मी धरते, तुम्ही कापा."

"मना पोऱ्या घर नही. तुले काही व्हयनं तं मी त्याले काय सांगू?" असं म्हणून त्यांनी मला दाराबाहेर ढकललं. अक्षरशः ढकललं. पाचोऱ्याच्या पोरीला पोहता येत नाही, हे त्यांना माहीत होतं.

मी बोळाच्या तोंडाशी, जरा चढावर जाऊन उभी राहिले. तिथून गोठ्याचं दार दिसत होतं. बोळातलं पाणी वाढत होतं, लोक मला पुढे चल म्हणत होते, आणि मी त्या दाराकडेच पाहत होते. मग गोठ्याची मागची भिंत बसली. मोठा आवाजही झाला नाही, नुसती ओली माती पडल्यासारखं झालं आणि बोळात पाण्याची एक लाट आली. त्या घटकेला मी मनाशी धरून चालले की माझ्या हट्टापायी बाई गेली. सहा महिन्यांत ती मला एकदाही कडू बोलली नव्हती, उलट बोलत होते ती मीच.

दारातून आधी शिंगं आली. म्हैस पोहत होती आणि शेपटीला धरून सासूबाई. पदर नव्हता, केस तोंडावर आलेले. चढाला लागल्यावर त्यांनी शेपटी सोडली आणि माझ्या खांद्यावर हात टाकला. माझी चोळी लाल झाली, तेव्हा मला कळलं की पाण्यात विळा दाव्याऐवजी आधी हातावर बसला होता.

शाळेच्या ओट्यावर सगळा गाव जमलेला. माणसं सगळी सुखरूप होती. सुरगाठींमुळे ढोरंही जवळजवळ सगळी वर आली होती. मी सासूबाईंच्या तळव्याला माझ्या लुगड्याची चिंधी बांधत होते. म्हातारे पाटील आबा समोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी म्हशीच्या गळ्यातलं कापलेलं दावं पाहिलं. "दावं कापानं काय काम पडनं?" त्यांनी विचारलं.

मी चिंधीची गाठ मारत राहिले.

"निरगाठ व्हती, आबा," सासूबाई म्हणाल्या. "मीच मारेल व्हती."

आबांनी त्यांना सगळ्यांदेखत झापलं. इतके पूर पाहिलेली बाई, गावाला शिकवणारी बाई, आणि तिनं असं करावं, असं बरंच काही. सासूबाई मान खाली घालून ऐकत होत्या. मी हातभर अंतरावर होते. मी चिंधीचं टोक आत खोचत बसले. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला शेजारची अक्का बसली होती आणि ती सरळ माझ्याकडे पाहत होती.

पुढे आम्ही चिखल काढला, गोठा पुन्हा बांधला. सासूबाईंची दोन बोटं कायमची ताठ राहिली. त्यांच्या भाकरीची एक कड त्यानंतर जाडच असायची आणि घरात कुणी त्याबद्दल बोलायचं नाही. गाठीबद्दल त्या मला कधीच काही म्हणाल्या नाहीत. मी मात्र अक्काच्या धाकात जगले. हिनं तोंड उघडलं तर आपली गावात उभं राहायची सोय नाही, हे मी धरूनच चालले होते. म्हणून घरात मांडे झाले की पहिला मांडा अक्काकडे. लोणचं घातलं, अक्काकडे बरणी. तिच्या कपाशीला मी निंदणीलाही जायचे, तेही न बोलावता. नवरा म्हणायचा, तुझं माहेर पाचोऱ्याला नसून शेजारीच आहे वाटतं.

पंधराएक वर्षांनी सासूबाई गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. शेवटच्या आजारात त्यांचा तो दोन ताठ बोटांचा हात मीच धुवायचे, पण सांगायचं धैर्य तेव्हाही झालं नाही. दिवस झाल्यावर एका दुपारी अक्का ओट्यावर येऊन बसली. मला राहवलं नाही. मी विचारलं, "अक्का, तुम्ही सगळं पाहिलं होतं. मग त्या दिवशी आबांपुढे का नाही बोललात?"

अक्कानं सुपारी कातरायला घेतली.

"त्या दिन बोलनी असती," ती म्हणाली. "जीभवर उनं व्हतं. पन तुनी सासू म्हाकडे दखे, म्हनीसन गप्प बसनी. दुसरा दिन सकायले ती मना घर उनी. हातले ती चिंधी तशीच. म्हननी, अक्का, मना काय, मना दिन सरनात. तिले या गावमा जलमभर राहानं शे."

मग तिनं सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाली, सासूबाई फक्त तिच्याकडेच आल्या नव्हत्या, शाळेच्या ओट्यावर ज्यांना ज्यांना माझ्या तोंडाकडे पाहून संशय आला असेल, त्या सगळ्यांच्या घरी जाऊन त्यांनी त्या सकाळी खरं ते सांगितलं आणि मला कुणी बोलू नये अशी विनवणी केली. आबांच्या घरीसुद्धा.

म्हणजे मी पंधरा वर्षं ज्या गावापासून लपवत होते, त्या गावाला ते दुसऱ्याच दिवसापासून माहीत होतं. मी त्या दुपारी खूप रडले. आज मी सासूबाईंच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी आहे, अजून त्याच गावात राहते, आणि त्या गाठीवरून मला आजवर कुणी एका शब्दानंही बोललेलं नाही.