बर्फाच्या ओळखीचा माणूस

तोकुमा इगाराशी आमच्याच ओकुताकी गावचा. शाळेत तो माझ्या शेजारी बसायचा आणि तेव्हापासूनच त्याला सगळं यायचं. एखादी गोष्ट आपल्याला येत नाही, असं त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. माणूस दुष्ट नव्हता. दुष्टापासून लोक निदान सावध तरी राहतात.

विशीत असताना आम्ही दोघं रानातून उतरत होतो. वरून थोडा बर्फ सुटला आणि तोकुमाला चार हात खाली घेऊन गेला. तो गुडघ्यापर्यंत रुतला, टोपी हरवली. मी हात दिला, तो उठला, घरी जाऊन आम्ही गरम रश्शातल्या सोबा शेवया खाल्ल्या. घडलं ते एवढंच. पण गावच्या गरम झऱ्यावरच्या न्हाणीघरात तो ही हकिकत सांगू लागला आणि दर हिवाळ्याला तो बर्फ वाढत गेला. आधी कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. त्याचं लग्न ठरेपर्यंत तो पुरता गाडला गेला होता आणि बर्फाखाली श्वास कसा पुरवायचा याचे धडे देत होता.

"तू होतास ना रे तिथे?" चारचौघांत तो मला साक्षीला ओढायचा.

"होतो की. तुझी टोपी अजून सापडायचीय," मी म्हणायचो.

लोक हसायचे, तोही हसायचा. पुढच्या वेळी सांगताना टोपी तेवढी गाळायचा.

पुढे शहरांतून लोक आमच्या डोंगरावर येऊ लागले. त्यांना आखलेल्या उतारांवरून स्कीवर घसरण्यात मजा वाटत नसे. दोरीपलीकडचा, कुणी न तुडवलेला बर्फ हवा असे. तोकुमाची बायको सायो हिची छोटी खाणावळ होती, वर दोन-चार खोल्या. तोकुमाने दारावर 'डोंगराचा वाटाड्या' अशी पाटी ठोकली आणि कमावता झाला. आम्ही गावच्या बचाव पथकातली माणसं रोज सकाळी वरच्या फाटकाशी फळ्यावर लिहायचो: आज धोका किती, कुठल्या अंगाचे उतार टाळायचे. तोकुमा फळ्यापुढे उभा राहून पाहुण्यांना म्हणायचा, "हे भित्र्यांसाठी. बर्फ मला ओळखतो." आणि पाहुणे माना डोलवायचे. शिकलेली माणसं, पण पाटी लावलेल्या माणसावर विश्वास ठेवायला शिक्षण आड येत नाही.

त्या फेब्रुवारीत आधी बरेच दिवस आभाळ मोकळं होतं, थंडी कडाक्याची. अशा थंडीत वरचा बर्फ साखरेसारखा सुटा होतो, कण कणाला धरत नाही. मग वादळ आलं आणि त्या साखरेवर वाऱ्याने नव्या बर्फाची जाड लादी आणून ठेवली. फळ्यावर आम्ही ठळक लिहिलं: पूर्वेकडच्या उतारांवर जाऊ नका. तोकुमा त्या दिवशी दोन पाहुण्यांना घेऊन पूर्वेकडेच गेला. तिकडे ऊन छान पडतं म्हणे.

पाहुण्यांत एक आसाकुरा नावाचा औषध दुकानदार होता आणि दुसरी नाओए मिझोगुची, परिचारिका. पुढचं तिनेच मला सांगितलं. चढताना पायाखालचा बर्फ 'धप्प' करून खचला आणि तिच्या स्कीच्या टोकापासून एक चीर सरळ उतारावर धावत गेली.

"इगाराशीसान, हे बरं लक्षण नाही. आपण मागे फिरू या," ती म्हणाली.

"बाई, बर्फ बसतोय. बसलेला बर्फ चांगला," तोकुमा म्हणाला.

"मी नाही येत."

"मग थांबा इथेच. आम्ही जाऊन येतो. चला हो आसाकुरासान, बायकांना गारठा सोसत नाही."

तोकुमा आधी उतार आडवा ओलांडून पार गेला, पलीकडच्या खडकाशी उभा राहिला आणि हात हलवला. आसाकुरा मधोमध पोचला तेव्हा त्याच्या वर लादी तुटली. नाओए म्हणाली, आवाज फार मोठा नव्हता. माणूस होता आणि नव्हता.

डोंगरावर जाणारा प्रत्येक जण छातीशी एक छोटं यंत्र बांधतो, त्याला बीकन म्हणतात. ते सतत इशारा पाठवत असतं. कुणी गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपापली यंत्रं लगेच शोधायच्या बाजूला वळवायची, म्हणजे गाडलेल्याचा तेवढा इशारा ऐकू येतो. नाओएने तसं केलं आणि धावत खाली आली. तोकुमाही उतरला. यंत्राचा बाण तिला नेत होता आणि प्रत्येक वेळी तोकुमाच्या पुढ्यात आणून उभं करत होता.

"तुमचं शोधावर टाका," ती म्हणाली.

"टाकलंय."

टाकलं नव्हतं. त्याला ते कुठे टाकतात हेच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ते छातीवर मिरवलं, पण कधी उघडून पाहिलं नाही. शेवटी तिने त्याच्या अंगरख्यात हात घालून यंत्र बंद केलं. बाण ताबडतोब दुसरीकडे वळला. तिने लांब सळई खुपसून माणूस हुडकला आणि खणायला लागली. तोकुमाकडे तिच्यापेक्षा चांगलं फावडं होतं. त्या फावड्याने तो काही हात बाजूला, स्वतःच्या अंदाजाने खणत बसला.

आमचं पथक पोचलं तोवर तिने आसाकुराचं तोंड मोकळं केलं होतं. निळा पडला होता, पण खोकत होता. मांडीचं हाड मोडलं होतं. त्याला झोळीत बांधताना तोकुमा माझ्या कानाशी म्हणाला, "थोडक्यात वाचवला बघ."

"कुणी?" मी विचारलं. तो झोळीच्या पट्ट्या तपासू लागला.

इस्पितळात तो माझ्यासोबत फळांची टोपली घेऊन गेला, कमरेत पुरता वाकला, माफी मागितली. ते त्याने नीट केलं, नाकारत नाही. पण परतीच्या वाटेवर गाडीत बोलणं सुरू झालं: वारा फिरला, पाहुणा जड होता, बाईने उगाच घाबरवलं. महिन्याभरात न्हाणीघरात नवी हकिकत तयार झाली. तिच्यात नाओए कुठेच नव्हती. ऐकणारे मात्र होते, आणि गरम पाण्यात बसून मानाही डोलवत होते. मी उठून कपडे घातले.

पाटी सायोने काढली. आधी सांगितलं नाही, नंतरही नाही. पाहुण्यांनी चौकशी केली की भाताचे वाडगे मांडत म्हणायची, "वाटाड्या नाही आमच्याकडे." नवऱ्याला तिने सांगितलं, "अहो, येत्या हिवाळ्यापासून छपरावरचा बर्फ तुम्ही काढायचा. माणसं लावणार नाही मी."

परवा त्यांच्या घरावरून गेलो तर तोकुमा छपरावर होता, शेजारच्या म्हाताऱ्याला खाली उभं करून फावडं कसं धरायचं ते शिकवत. गडी उतरत्या छपराच्या काठाशी आणि अंगाला दोर नाही.

"दोर बांध रे," मी म्हटलं. "दर वर्षी माणसं पडतात छपरांवरून."

"मला कशाला लागतोय?"

सायो बाहेर आली. ती शिडीने वर चढली, त्याच्या कमरेला दोर गुंडाळून गाठ मारली, दुसरं टोक पलीकडच्या खांबाला पक्कं केलं आणि खाली उतरून चुलीकडे गेली. तोकुमा तोवर हात वर धरून, किमोनो चढवून घेणाऱ्या बाहुलीसारखा उभा होता. म्हातारा केव्हाच निघून गेला होता.