वात जळता कामा नये

दिग्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी किचनमध्ये उभा राहून त्याच्याच नावाने बोटं मोडत होतो. रविवार, दहा वाजून वीस मिनिटं झालेली, आणि दिगंबर सबनीस कधी उशीर करत नसे. फोनवर त्याची मुलगी नेहा. "काका, बाबा आज उठलेच नाहीत..." एवढंच म्हणाली. मी भूलतज्ज्ञ. तीस वर्षं कॉव्हेंट्रीतल्या हॉस्पिटलात माणसं झोपवली (औषध नावाला, माझ्या गोष्टींनीच ती झोपत) आणि सगळी उठवली. हा एकटा मला न विचारता झोपला.

त्याच हॉस्पिटलातली यंत्रं दिग्या दुरुस्त करायचा. मी सिगारेटी ओढायचो, इतक्या की आमच्या छपरावरून जाताना कबुतरं खोकायची. माझी बायको शैला माझ्यापुढे हरली, छातीचे दोन डॉक्टर हरले. रिटायर झाल्यावर दिग्याने एक दिवस माझ्या हातात व्हेप ठेवलं, कापसात मुरलेलं लिक्विड तापवून त्याची वाफ ओढायची ती विजेवरची सिगारेट. तेही तयार कॉइलचं नाही. तार स्वतः गुंडाळायची आणि त्या वेटोळ्यातून कापसाची वात ओवायची, असं. "तू फक्त ओढ. देखभाल माझ्याकडे," म्हणाला. मग पाच वर्षं दर रविवारी दहाला तो पत्र्याचा डबा घेऊन हजर. कापूस आठवड्याला नवा, काळा पडो न पडो. मी गोड लिक्विड ओढलेलं असेल तर गुरुवारीसुद्धा. जुना कापूस काढून तो तार जराशी लाल करायचा, साचलेला थर जाळायचा, आणि गार झाली की नळाखाली ब्रशने घासायचा. महिना झाला की ती तारही कचऱ्याच्या बिनमध्ये. "चांगली आहे की अजून!" मी कुरकुरायचो. "घासूनही सगळीकडे सारखी लाल होत नाही ना? मग संपली. तारेत जीव अडकवू नये रे."

एकदा तो भावाकडे इल्फर्डला गेला आणि इकडे माझा कापूस संपला. मी, वैद्यकशास्त्राचा पदवीधर, देवघरातली वात उचलली. शैलाने ती तुपात भिजवलेली होती, हे बोटांना कळलं होतं. पण तलफेला बोटं नसतात. पहिल्याच झुरक्याला असा ठसका लागला की तीन घरांतले स्मोक अलार्म वाजले. दिग्याने रविवारी येऊन व्हेप हुंगलं. "साजूक आहे," म्हणाला. मग हसू आवरून, "अरे, निरांजनातली वात जळायलाच असते. इथली जळता कामा नये. हिने फक्त ओलं राहायचं. ही करपली की तू परत सिगारेटच्या दुकानात."

"भावजी, यांनाच शिकवा ना हे सगळं," शैला म्हणाली.

"शिकवलं तर मला चहा कोण देईल, वहिनी?"

आता सांगायला हरकत नाही... मला येत होतं. अडीचशे रविवार शेजारी बसून माकडसुद्धा शिकलं असतं. पण त्याची बायको गेल्यापासून त्याच्या आठवड्यात हा एकच तास गप्पांचा होता, आणि खरं तर माझ्याही. म्हणून मी स्क्रू पाडायचो, कापूस उलटा धरायचो. त्याला माझं सोंग कळत होतं. तो पाडलेला स्क्रू निमूटपणे शोधून द्यायचा.

त्याला जाऊन सात आठवडे झाले. त्याने बसवलेली शेवटची कॉइल माझ्या व्हेपमध्ये होती. कापूस मी बदलत होतो, तार टाकवेना. घासली, तापवली, पुन्हा घासली. एकच कड लाल व्हायची, आणि प्रत्येक झुरक्याला करपलेल्या गुळाची चव. गेल्या शनिवारी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून सिगारेटचं पाकीट आणून टेबलावर ठेवलं. शैला ओरडली नाही. नेहाने दिलेला दिग्याचा डबा तिने त्या पाकिटाशेजारी ठेवला आणि म्हणाली, "यातलं काय उघडायचं ते तुम्ही ठरवा."

रविवारी दहाला मी डबा उघडला. सहा वेटोळी घातली. एक तर माझ्या पोटासारखं बाहेर आलेलं. तरी तार सगळीकडे सारखी लाल झाली. कापूस ओवला, ओला केला. चव स्वच्छ आली. फोडायच्या आधीच शैलाने ते पाकीट कुठे नेलं, मी विचारलं नाही. तिने सवयीने तीन कप चहा केला होता... मी दोन प्यायलो.

जुनी तार मी नियमाप्रमाणे बिनमध्ये टाकली. शैलाला विचारू नका. ती म्हणेल, दिग्याच्या डब्यात आहे, झाकणाला आतून चिकटवलेली.