कोंडिबाच्या पाठीतली जोडवी

कोंडिबा गेल्याचं सांगायला त्याचा धाकटा भाऊ आणे गावाहून जुन्नरला, माझ्या दवाखान्यात आला, त्याला आता महिना होईल. "काल तापानं गेला दादा," एवढं बोलून तो घुटमळला. मग म्हणाला, "डाक्तरसाहेब, बाया वहिनीची जोडवी उतरवायला आल्यात. पर तिच्या पायात न्हाईतच. आता रीत कशी करायची?" हा प्रश्न डॉक्टरचा नव्हे. पण त्या जोडव्यांची तार करून मीच कोंडिबाच्या पाठीत घातली होती. मी तसाच त्याच्याबरोबर निघालो.

काही वर्षांपूर्वी विहीर बांधताना पडलेल्या कोंडिबाला बाजेवर घालून आणलं होतं. पायांत जाण होती, पण जरा हलवलं की मणके सरकत. बैलगाडीतून पुण्याला धाडला असता तर धक्क्यांनी पाय वाटेतच गेले असते. मणके चांदीच्या तारेनं एकमेकांना बांधतात, असं मी वाचलं होतं. केलं कधीच नव्हतं. तारही नव्हती. त्याची बायको सखू हे ऐकत होती. तिनं मुकाट्यानं जोडवी उतरवली. सासू कळवळली, "नवरा जिता असताना?"

"त्येंचं पाय राहू द्या आत्याबाई. माझ्या पायांचं मागनं बघू."

सोनारानं तार ओढून दिली. ती उकळली, क्लोरोफॉर्म दिला आणि देवाचं नाव घेऊन बांधली. पुढं कित्येक महिने तो फळीवर निजून होता... आणि एक दिवस चालला. गाव म्हणे, सखूच्या सौभाग्यानं सावरलं. मी म्हणे, तारेनं. मनात मात्र यायचं, नुसत्या निजण्यानंच हाड जुळलं असेल तर? कोंडिबाला विचारलं की तो हसायचा. "बायकोनं मागनं धरलंय राव, पळायची सोय न्हाई." सखूनं पुन्हा जोडवी घातली नाहीत.

राख सावडून आल्यावर दिरानं पळसाच्या पानावर तारेचे काळे तुकडे जोडव्यांच्या जागी तिच्यापुढं ठेवले. सखूनं विचारलं, "ही आगीत तुटली, का आधीच तुटली व्हती?"

मी पुन्हा पुन्हा निरखून पाहिलं. "वहिनी, मला खरंच सांगता येत नाही."

"मग ते चालत कशावर व्हते?"

तिनं पान गुंडाळून माझ्या हातात दिलं.

"ठेवा. फुडं कुणाला लागंल."

ते मी घेतलं... का घेतलं, कळत नाही.